कुंकवाचा कण

मित्रांनो, या, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज लहान आहे. कानाशी लागल्याशिवाय तो कुणाला ऐकू जात नाही. कीर्तनात बुवा उभे राहून आख्यान लावतात, मी बसल्या जागेवरून एक लावते. देवाघरचीच गोष्ट आहे.

मी एक जुनी कानाची मशीन आहे. भुईमुगाच्या शेंगेएवढी. पवनारच्या अण्णाजींच्या कानामागे बसते आणि बारीक नळीतून त्यांच्या कानात बोलते. अण्णाजी कीर्तनाचे मोठे वेडे. पण हळूहळू त्यांना टाळसुद्धा ऐकू येईना. सगळे हसले की ते मागाहून हसायचे. मग त्यांनी देवळात जाणंच सोडलं. तेव्हा त्यांच्या पत्नीने, मनकर्णाबाईंनी, मुलाच्या मागे लागून मला आणवलं.

पहिल्या संध्याकाळी त्या तुळशीपाशी गुणगुणत होत्या. अण्णाजी ओट्यावर थबकले.

"काऊन, असं काय पाह्यता?"

"तुझा आवाज म्हातारा झाला व."

"अन् तुमी का लगनातले नवरदेव आहा?"

त्या दिवसापासून मनकर्णाबाईंची माझ्यावर माया बसली. खंडेनवमीला घरातली अवजारं पूजेला मांडली: विळा, वखराची पास, शिलाई मशीन. त्यांत त्यांनी मलाही ठेवलं. "हिनं माह्या घरात देवाचं नाव परत आणलं," म्हणाल्या, आणि पाण्यात कालवलेलं कुंकू बोटाने मला लावलं. त्यातला एक थेंब माझ्या नळीच्या तोंडात गेला आणि तिथेच सुकला.

मित्रांनो, त्यानंतर मी सगळं ऐकत होते, पण माझं बोलणं बाहेर पडत नव्हतं. अण्णाजींनी सेल बदलला, मला झटकलं, फुंकलं. डब्यातल्या माहितीपत्रकात उपाय छापलेला होता; तो त्यांना कळला नाही. "मेली वाटते," म्हणून त्यांनी मला देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

थंडीत मनकर्णाबाई आजारी पडल्या. एका दुपारी त्यांना धाप लागली. सून सपना गाडी आणायला धावली. घरात अण्णाजी एकटे. त्यांनी घाईने मला नवा सेल घातला, कानाला लावलं आणि पलंगावर ओणवले. मनकर्णाबाई बोलल्या. मी ऐकलं. ते शब्द मी नळीत म्हटले, आणि ते कुंकवावर आपटून परत आले.

अण्णाजींना फक्त हलणारे ओठ दिसले. सपना परतली तेव्हा सगळं संपलं होतं.

मी पुन्हा देव्हाऱ्यात गेले. सेल संपला, तरी ते शब्द माझ्यात फिरत राहिले. पूजा करताना अण्णाजींची घंटा मध्येच थांबे. ते देवाला विचारत, "काय म्हने ती?" त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. "तिचं काई मागनं राह्यलं, सपना. माह्याच तोंडाकडं पाहून राह्यली होती."

मग एक दिवस वर्ध्याहून आकांक्षा नावाची संशोधक मुलगी आली. लोक कानाची मशीन वापरायची का सोडतात, आणि सोबतची माहिती त्यांना वाचून समजते का, यावर तिचं काम चाललं होतं. तिने माहितीपत्रक अण्णाजींपुढे धरलं. अण्णाजी पोथी वाचणारे. त्यांनी ते ओवीच्या चालीवर म्हटलं, "ध्वनिनिर्गम मार्गातील अवरोधाचे निष्कासन करावे..."

"म्हणजे काय करायचं, अण्णाजी?"

"माय, पोथी मले समजते. हे कोन्या देवाचं आहे?"

सपना तोंडाला पदर लावून हसली. आकांक्षा हसली नाही. "म्हणजे, भोकात काही अडकलं असेल तर काढा," म्हणत तिने माझ्या नळीत बारीक तार फिरवली. तिच्या तळहातावर एक लाल कण पडला.

अण्णाजी त्याच्याकडे पाहत राहिले. "म्हंजे मशीन चांगलीच होती? त मंग मी तिचं आयकलं असतं."

सपनाने आकांक्षाला खंडेनवमीच्या पूजेचं आणि त्या दुपारचं सांगितलं.

"चूक तुमची नाही," आकांक्षा म्हणाली, "आणि आजींची तर नाहीच. समजेल असं लिहायचं काम आमचं होतं."

तिने तिथेच लिहायला घेतलं: 'मशीन देवघरात ठेवू नका.' अण्णाजींनी मान हलवली. "कोनी मानणार नाई, बेटा. देवाजवळच त लेकरं हात लावत नाईत." तिने ते खोडलं. 'पूजा करा. पण भोकाला कुंकू लावू नका. आवाज बंद झाला तर आधी भोक पाहा.'

अण्णाजींनी चाल न लावता वाचलं. "हे समजलं."

मग त्यांनी तो लाल कण बोटावर घेऊन कपाळाला लावला, मला नवा सेल घालून कानामागे बसवलं आणि काठी उचलली.

"कुठं चालले, मामाजी?" सपनाने विचारलं.

"देवळात कीर्तन आहे न आज. पाह्यतो, आयकू येते का."

मृदंगावर थाप पडली. टाळ उठले. होतं नव्हतं ते सगळं मी त्यांच्या कानात ओतलं. अण्णाजी खांबाला टेकून रडले, आणि बुवांच्या विनोदाला सगळ्यांबरोबरच हसले.

मित्रांनो, आता तुम्हाला सांगते. मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "मी नसली त कीर्तनाले जानं सोडू नोका."

अण्णाजींना हे अजून ठाऊक नाही. मला समोरचा आवाज पोचवता येतो, गेलेला नाही. टाळ थांबले की ते अजूनही हळूच विचारतात, "काय म्हने ती?" मी त्यांच्या कानाशीच असते, आणि गप्प असते.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला कोरडी, स्वच्छ ठेवा. हातातला कागद समजला नाही तर विचारायला लाजू नका. आणि कुठे कीर्तनात टाळ वाजले, तर मनकर्णाबाईंचं नाव एकदा मनात घ्या. त्यांचं सांगणं अण्णाजींपर्यंत पोचलं नाही, मित्रांनो. पण त्यांनी ते पाळलं.