तिच्या हाताखाली

तिने कुत्र्याच्या तोंडावरची पट्टी सोडली आणि बाजूला ठेवून दिली.

"अहो, चावेल तो," डॉक्टर म्हणाले.

"नाही चावणार."

कुत्रा रखवालीचा होता, अंगापिंडाने दांडगा. तारेत अडकून मागचा पाय फाटला होता आणि त्याला टेबलावर चढवता चढवता मालकाचा घामटा निघाला होता. तिने त्याच्या कपाळावर तळहात टेकवला. गुरगुर थांबली. कुत्र्याने मान टाकली, डोळे अर्धे मिटले आणि डॉक्टर टाके घालत होते तेवढा वेळ त्याची कातडीसुद्धा थरथरली नाही. भुलीचं इंजेक्शन भरून तयार होतं, ते ट्रेमध्ये तसंच राहिलं.

मालक खूश होऊन गेला. डॉक्टर मात्र हात धुताना बराच वेळ साबण चोळत राहिले.

"जनावरांचं तुम्हाला वेड आहे हे ठाऊकच आहे," ते म्हणाले. "पण पूर्वी तुम्हालाही चावायची, ओरबाडायची. आम्हाला चावतात तशीच. हे कधीपासून?"

"मटण सोडलं तेव्हापासून असेल."

ती थट्टेने बोलली होती, पण बोलून झाल्यावर तिला जाणवलं की ते तसंच होतं.

थोरल्या भावाचं मटणाचं दुकान होतं. त्याआधी ते वडिलांचं होतं. दुकानामागे कापणीची शेड, शेडला लागून बकऱ्यांचं कुंपण, आणि वर घर. लहानपणी ती दिवसभर कुंपणात लोळायची आणि जेवायच्या वेळी नळी चोखायला सगळ्यांत पुढे असायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मोठी झाल्यावर ती जनावरांच्या दवाखान्यात लागली, दोन गल्ल्या सोडून वेगळी राहू लागली, तरी सुट्टीचं जेवण दादाकडेच असायचं.

मग उन्हाळ्यात एका अडलेल्या गाईचं वासरू तिने कोपरापर्यंत हात घालून ओढून काढलं. गाय इतकी दमली होती, की तिला वासरू आणि बाई यांतला फरक कळेना. ती आधी वासराला चाटायची, मग हिच्या हाताला. त्या संध्याकाळी वहिनीने ताट वाढलं आणि तिचा हात घासापर्यंत गेला नाही. वादविवाद नाही, रडारड नाही. तिने फक्त वाटी बाजूला सारली.

"हिचं आपलं काहीतरी नवीनच," वहिनी म्हणाली. "खाटकाच्या घरची लेक आणि खाणार दुधी."

दादा नुसता हसला. पण दवाखान्यातल्या गोष्टी हळूहळू त्याच्याही कानावर गेल्या, आणि एका सकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"चिमणे, जरा शेडमध्ये येऊन थांबशील? काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

"कशाला?"

"तू असलीस की ती घाबरत नाहीत म्हणतात. घाबरलेल्या जनावराचं मांस चिवट होतं." मग बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "आणि मरायचं तर आहेच त्यांना. निदान सुखाने जातील. तुला तेवढंही नको?"

हे तिला खोडता येईना. चहा निवेपर्यंत ती विचार करत बसली, मग चपला घालून त्याच्या मागोमाग निघाली.

शेडमध्ये पैलवान काम करायचा. हाडांचा नुसता सापळा असलेल्या त्या म्हाताऱ्याला पैलवान हे नाव तिच्या वडिलांनी चेष्टेने दिलं होतं आणि तेच चिकटलं होतं. तिला पाहून त्याने मान हलवली आणि सुरीला धार लावायला घेतली. ती भिंतीजवळ उभी राहिली. दादाने कुंपणाचं फाटक उघडलं.

एरवी एकेका बोकडाला कानाला धरून, ढकलत, फरपटत आणावं लागायचं. आरडाओरडा इतका व्हायचा की वर वहिनी रेडिओ मोठा करायची. त्या दिवशी कुणाला हात लावावा लागला नाही. बोकड आपणहून बाहेर आले, एकामागे एक. पहिला तिच्यापाशी येऊन थांबला. तिने सवयीने त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने पुढचे गुडघे टेकले आणि मान लांब केली. मागचे आपापल्या जागी उभे होते, खाली पडलेलं रक्त पाहत होते, आणि एकाच्याही तोंडून आवाज फुटत नव्हता. फक्त खुरांचा आवाज येत होता, एकाने जागा रिकामी केली की दुसरा पुढे सरकायचा तेव्हाचा.

तिसऱ्यानंतर पैलवानाने सुरी पाण्यात बुडवली आणि ती फळीवर ठेवून दिली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"ही इथे असेल तर मी काम करणार नाही."

"अरे, तुझेच कष्ट वाचतायत."

"मालक, जन्म गेला माझा यात. जनावराने ओरडायला पाहिजे. त्याने ओरडायचं, आपण ऐकायचं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "हे असं मला नको. माझे हात गार पडलेत, बघा."

त्याने खरंच हात पुढे केले. तिने ते पाहिले आणि मग स्वतःचे पाहिले. ते कोमट होते, कोरडे, आणि जरासुद्धा कापत नव्हते.

त्यानंतर दादाने दोनदा बोलावणं पाठवलं, पण ती गेली नाही. पुन्हा जायचं नाही, एवढ्यावर हे मिटेल असं तिला वाटलं होतं. पण रस्त्याने जाताना कुणाच्या दारात बांधलेली शेळी तिला पाहून दावं ताणायची, तिच्या वाटेत येऊन गुडघे टेकायची. दवाखान्यात लस टोचायला आणलेला मेंढा, धडधाकट, ती खोलीत शिरताच आडवा झाला आणि गळा वर करून पडून राहिला. मालकीण घाबरून त्याला हाका मारू लागली. हिने हात पाठीमागे धरले होते. त्याला हात लावलाच नव्हता.

"तुम्ही थोडे दिवस सुट्टी घ्या," डॉक्टर म्हणाले. ते चांगलं बोलायचा प्रयत्न करत होते. "मला त्याचं मन काही कळेना. जगायची इच्छा नसल्यासारखा पडला होता हो तो."

घरी येऊन ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. जन्मभर तिला हेच हवं होतं, जनावरांनी आपल्याला भिऊ नये. आता ती तिला भीत नव्हती, आणि ज्या भीतीने ती पळतात, लाथा झाडतात, चावा घेतात, ती भीतीच त्यांच्यात उरली नव्हती. तिच्या हाताखाली जनावरं मुकाट्याने संपायला तयार होत होती. आपण ताटातली वाटी सारली तेव्हा त्यांना नेमकं काय वाटलं असेल, याचा अंदाज ती करत राहिली. तो करता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दादाकडे गेली. जेवणं नुकतीच सुरू झाली होती.

"वहिनी, मलाही वाढ."

"दुधी केलेला नाहीये ग आज. आधी सांगायचंस ना."

"मटण वाढ."

दादाने मान वर केली. वहिनीने पळीभर वाढलं, क्षणभर थांबली, आणि आणखी एक पळी वाढली.

"आलीस बाई माणसांत," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरची माया होती.

पहिला घास तिने पाण्यासोबत उतरवला. दुसरा चावला. चव बदललेली नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. जिभेला सगळं आठवत होतं. ती जेवत राहिली. नळी उचलून चोखली, बोटं चाटली. दादा काही विचारणार होता, पण वहिनीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. वाटी रिकामी झाल्यावर तिने ती पुन्हा पुढे केली.

हात न धुता ती जिना उतरली आणि मागच्या कुंपणाशी गेली. फाटक उघडून आत उभी राहिली.

बकऱ्यांनी माना वर केल्या. नाकपुड्या फुलल्या. मग सगळा कळप एकदम उसळला आणि एकमेकांच्या अंगावर चढत पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडला. ओरडा सुरू झाला, कान किटतील असा. वर वहिनीचा रेडिओ मोठा झाला. ती फाटकाला टेकून ऐकत राहिली. तिचे खांदे सैल पडले, डोळे भरून आले.

तेवढ्यात कळपातून एक करडू बाहेर आलं. शिंगं अजून फुटलेली नव्हती. ते अडखळत तिच्यापाशी आलं, तिची तेलकट बोटं हुंगली, आणि गुडघे टेकून त्याने मान लांब केली.

"जा," ती म्हणाली.

ते हललं नाही.

तिने आयुष्यात कुठल्याही जनावरावर हात उगारला नव्हता. तिने त्याच्या तोंडावर मारलं, जोरात. करडू कोलमडलं, उठलं, दोन पावलं मागे गेलं. भिंतीशी त्याची आई गळा काढून हाक मारत होती. करडाने तिकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि ते पुन्हा पुढे आलं.

तिने पुन्हा हात उचलला.