नाल्यावरचा आठवा होल

प्रेरणाने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. पैठण रस्त्यापलीकडच्या मुरमाड रानावर तिने आखलेलं नऊ होलचं गोल्फ मैदान आज पहिल्यांदा खेळलं जाणार होतं. रान पुंडलिकरावांचं. मुलं शहरात नोकरीला लागली, बाजरी कोण पेरणार, म्हणून त्यांनी हा घाट घातलेला. काम देताना ते म्हणाले होते, "खेळणाऱ्याचा समदा कस लागला पाहिजे. जमलं तर खालच्या रानातले पुढचे नऊ होल पण तूच कर."

कस लावायचा म्हणजे नुसतं मैदान लांब करायचं नाही, हे ती त्यांना सांगून थकली होती. कुठे जोर लागावा, कुठे चेंडू वाऱ्याखालून दामटावा लागावा, कुठे झाडाला वळसा घालून न्यावा लागावा, आणि कुठे हात आखडता घेणाराच शहाणा ठरावा. एकाच गुणाच्या बळावर कुणाला हे मैदान मारता येऊ नये.

म्हणून तिने मुद्दाम दोन तऱ्हांचे खेळाडू बोलावले होते. बजाजनगरचा शिवराज वाळूजच्या कारखान्यात इंजिनियर. त्याचा फटका आभाळात दिसेनासा व्हायचा. सुलेखाताईंचा गारखेड्यात दातांचा दवाखाना. साठी उलटलेली, फटका आखूड, पण सुईत दोरा ओवावा तसा नेमका.

प्रेरणा दोघांच्या मागे चालत होती. दुसऱ्या होलवर शिवराजचा चेंडू बाभळींत गेला, तर चौथ्यावर त्याने ताकदीने सगळं भरून काढलं. सुलेखाताई जपून, कोन साधत पुढे सरकत राहिल्या. सातव्यानंतर दोघं बरोबरीत होते. प्रेरणाचा जीव जरासा भांड्यात पडला.

आठवा होल नाल्यावरचा. अलीकडे टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मध्ये बंधाऱ्याने तुंबलेलं पाणी, पलीकडे ग्रीन, म्हणजे भोक आणि झेंडा असलेली बारीक कापलेली हिरवळ. डाव्या अंगाला नाला अरुंद होत होता, पण तिथं कमरेइतकं गवत राखलेलं. येणारा जाणारा इथं फोटो काढायचा.

शिवराजने चेंडू सहज पार नेला. "मॅडम, हा खरा होल बघा."

सुलेखाताईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि सगळ्यात लांब काठी काढली. चेंडू पाण्यात. दुसराही पाण्यात. तिसरा पलीकडच्या काठाला लागून मागे घरंगळला. त्यांनी काठी शांतपणे पिशवीत ठेवली.

प्रेरणा पुढे आली. "ताई, आज वारा जास्त आहे."

"वाऱ्याचं नाही गं. सात होल तू मला काहीतरी विचारत होतीस, मी उत्तर शोधत होते. इथे उत्तर एकच, आणि ते माझ्या मनगटात नाही."

पुंडलिकराव मात्र खूश होते. "डॉक्टरीणबाईंना बी घाम फुटला. याला म्हणत्यात कस. जाहिरातीत याचाच फोटो छापू."

गप्प बसली असती तर चाललं असतं. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"काका, हा होल चुकलाय."

"आत्ता तर ह्यो शिवराज वाखाणत व्हता."

"त्याचा इथं कसच लागला नाही. जोर त्याच्याकडे होताच. आणि ताईंचा कस लागायला आपण जागाच ठेवली नाही. डावीकडचं गवत काढून वाट द्यावी लागेल."

"मंग फोटोत काय ऱ्हाईल?" त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "चूक कुणाची?"

"माझी. दिसायला छान म्हणून मीच ते गवत राखलं."

ते गाडीत बसले आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. मुकुंदवाडीच्या घरी प्रेरणा आराखडे उघडायची, मिटायची. त्यांनी एव्हाना मैदान आखणारा पुण्याचा दुसरा कुणी गाठला असेल, असं तिला वाटायचं. आईने वाढलेलं ताट तसंच राहायचं. मग एका सकाळी फोन आला. "मशीन उभं हाय. गवत कुठवर काढायचं ते येऊन दाखव." पुढच्या कामाबद्दल अक्षर नाही, आणि विचारायचा तिला धीर झाला नाही.

डावीकडची वाट तिने फुकटची ठेवली नाही. ती पाण्याकडे उतरती केली, म्हणजे चेंडू नेमका थांबवता आला पाहिजे. नवं गवत धरल्यावर दोघांना पुन्हा बोलावलं. झेंडा पाण्याच्या कडेला लावला होता.

शिवराजचा चेंडू झेंड्यावरून मागच्या चढावर गेला. आता पाण्याच्या दिशेने, उतारावर, हलक्या हाताने खेळायचं होतं. तो बराच वेळ उभा राहिला. हात आखडला, चेंडू अलीकडेच थांबला, मग भोकात घालायला आणखी दोन फटके गेले. सुलेखाताईंनी डावीकडे चेंडू ठेवला, तिथून ग्रीनवर आणला, पण पुढचा फटका भोकाच्या काठावरून निसटला. दोघांनाही चार फटके लागले.

"जिंकलं कोण?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कुणीच नाही, काका. बरोबरी."

ते कुंपणापलीकडे पाहत राहिले. "खालच्या रानात बी नाला हाय. तिथं आधीच वाट ठेव."

प्रेरणाने मान हलवली. खालचं रान काळ्या मातीचं. पावसात फुगणारं, उन्हात भेगाळणारं. तिथं ग्रीन सपाट राहील कसं, ते बघायला ती कुंपणाकडे चालू लागली.