समोरचा गुडघा

"पालकांनी बाहेर थांबायचं," दारावरचा कारकून कानडीत म्हणाला. "मुलीला आत सोडा आणि तुम्ही जा."

हयवदनरावांनी छत्री काखेत धरली, कोटाच्या खिशातून हॉल तिकीट काढलं आणि त्याच्यापुढे केलं. कारकुनाने तिकीट वाचलं. मग त्यांच्या कपाळावरचं गंध पाहिलं, पिकलेल्या मिशा पाहिल्या आणि पुन्हा तिकीट वाचलं.

"परीक्षेला तुम्ही बसणार?"

"हो."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघायची गरज नव्हती. त्या रांगेत त्यांच्याच शाळेच्या मुली होत्या आणि त्यांना ड्रॉइंग त्यांनीच शिकवलं होतं.

चामराजपेटेत हयवदनरावांना सगळे 'ड्रॉइंग मेष्ट्रु', म्हणजे मास्तर, म्हणून ओळखत. काकांच्या हाताखाली ते काचेवर आणि फळीवर देवांची चित्रं रंगवायला शिकले, आणि त्याच बळावर ऐन तारुण्यात मुलींच्या हायस्कुलात लागले. हात मोठा सफाईदार. मोर, कमळ, कैरीची वेलबुट्टी फळ्यावर एका दमात उतरायची. सरस्वतीपूजेला शाळेची सरस्वती तेच काढत. पण काकांच्या देवांना सावली नव्हती. देव समोर बघायचे, पाय मात्र एका बाजूला वळलेले, आणि उजेड सगळ्या अंगावर सारखा. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग भाषावार प्रांतरचनेत राज्य मोठं झालं, नवे नियम आले, आणि हेडमिस्ट्रेस वसुमतीबाईंनी त्यांना खोलीत बोलावून हलक्या आवाजात सांगितलं, "मेष्ट्रे, सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट नसेल तर ड्रॉइंगच्या जागेवर ठेवता येणार नाही असं आलंय. तुम्हाला काय अवघड आहे? बसून टाका."

अवघड होतं. परीक्षेत जिवंत माणूस समोर बसवून काढायचा असे. हयवदनरावांनी महिनाभर बायकोला, कमलाबाईंना, ओसरीवर बसवून पाहिलं. त्या निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसत आणि अधूनमधून विचारत, "स्वल्प मान वळवू का?" शेवटी एकदा त्यांनी कागद हातात घेतला आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"अहो, ही मी कुठली? ही तर देवळातली यल्लम्मा झाली."

हयवदनरावही हसले, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. कुणाकडे जाऊन शिकावं, तर कुणाकडे जाणार? पेठेत कुणाला ड्रॉइंगमधलं अडलं की ते यांच्याकडेच येत.

एक मुलगी होती. जयसिंगराव शिंप्याची अहल्या. दोन वर्षांपूर्वी तिने वर्गात पितळी तांब्या काढला होता आणि त्याच्या एका अंगाला पेन्सिलीने काळोख भरला होता. तांब्या कागदातून उचलून घ्यावा असा दिसत होता. हयवदनराव तिच्या बाकापाशी थबकले होते. मग त्यांनी रबर घेतलं आणि स्वतःच्या हाताने तो काळोख पुसून टाकला. "कागद मळवू नये," असं म्हणाले होते. तांब्या पुन्हा सपाट झाला.

आज ती त्यांच्या उजव्या हाताला बसली होती, मध्ये एक जागा सोडून. त्या जागेचा परीक्षार्थी आलाच नव्हता.

हॉलमध्ये गुंडो नावाच्या पहारेकऱ्याला स्टुलावर बसवलं होतं आणि त्याच्याभोवती कमानीच्या आकारात खुर्च्या मांडल्या होत्या. हयवदनराव अगदी समोर आले होते. अहल्या खिडकीकडे, कमान वळते तिथे. गुंडोने हात मांडीवर ठेवले, एक पाय पुढे घेतला आणि तो पुतळ्यासारखा बसला. घंटा झाली.

हयवदनरावांनी डोकं काढलं, खांदे काढले. इथपर्यंत ठीक होतं. मग मांडी आली. मांडी सरळ त्यांच्याच दिशेने येत होती. गुडघा पुढे, मांडी त्याच्यामागे दडलेली. मांडी लांब असते हे त्यांना ठाऊक होतं, पण समोर लांबी कुठे दिसतच नव्हती. त्यांनी ती लांब काढली, तर गुंडो उभा राहिला. आखूड काढली, तर लुळा झाला. खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. कागदाला त्या जागी लव आली. कपाळावरचा घाम गंधातून ओघळून नाकावर आला आणि रुमाल काढताना पेन्सिल खाली पडून टोक मोडलं.

पेन्सिल उचलायला वाकले, तेव्हा अहल्या त्यांच्याकडे बघत होती.

तिने नजर वळवली. थोड्या वेळाने, जणू हात अवघडलाय अशा बेताने, तिने मांडीवरचा बोर्ड थोडा खाली केला आणि डावीकडे कलवला. कागदावर गुंडो बसला होता. खराखुरा, हाडामांसाचा गुंडो. हनुवटीखाली दाट सावली, कानामागे काळोख, गालावर खिडकीचा उजेड.

हयवदनरावांनी आपला मळलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तिचं चित्र उतरवून काढलं. नक्कल करण्यात त्यांचा हात कधीच चुकत नसे.

*

निकाल आला त्या दिवशी वसुमतीबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"मेष्ट्रे, तुम्ही पास झालात. अभिनंदन. पण एक वाईट झालं." त्यांनी चष्मा काढला. "आपली अहल्या. तिचं चित्र आणि तुमचं चित्र अगदी एकसारखं निघालं. पोरीनं तुमचं बघून काढलं. निकाल रद्द केलाय, शिवाय दोन वर्षं बसायचं नाही. हुशार मुलगी हो. का केलं असेल असं?"

हयवदनरावांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलींचा गलका उठला, आणि त्या गलक्यात तो शब्द त्यांनी गिळून टाकला.

"लहान आहे," एवढंच ते म्हणाले.

घरी कमलाबाईंनी केसरीभात केला होता. पास झाल्याची बातमी त्यांच्याआधीच घरी पोचली होती. "शेजारी तीन घरांत देऊन आले," त्या म्हणाल्या. "रत्नाबाई म्हणाल्या, या वयात परीक्षा म्हणजे चेष्टा नव्हे, अक्का. घ्या ना, अजून थोडा घ्या." हयवदनरावांनी घेतला. घासाघासाला पाणी पीत तो संपवला.

दुसऱ्या दिवशी अहल्या शाळेत आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. त्या संध्याकाळी हयवदनरावांचे पाय आपोआप जयसिंगरावांच्या दुकानाकडे वळले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. पोरगी बरी आहे ना, एवढं बघून यावं, असं ते मनाला सांगत होते.

त्यांना पाहताच जयसिंगराव मशीनवरून उठले. गळ्यात टेप तसाच. त्यांनी हात जोडले.

"सर, तुम्ही का आलात? मीच येणार होतो. पण कुठल्या तोंडानं यावं?" त्यांचे डोळे भरून आले होते. "पोरीनं तुमचं नाव घालवलं. ज्यांनी हातात पेन्सिल दिली त्यांच्याच कागदावर डोळा ठेवला. मारलं मी तिला, खोटं कशाला सांगू. एक शब्द बोलेल तर शपथ. अहल्या! बाहेर ये. सरांच्या पाया पड."

आतला पडदा हलला. अहल्या बाहेर आली. वेणी घट्ट बांधलेली, चेहरा कोरडा. तिने एकदा हयवदनरावांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना सोसला असता. ती फक्त पाहत होती, गुंडोकडे बघत होती तशी, नीट, काही न चुकवता.

मग ती वाकली आणि तिने त्यांच्या पायांना हात लावला.

हयवदनराव मागे सरकले नाहीत. सवयीने त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तोंडून "सुखी राहा" निघून गेलं. जयसिंगरावांनी कॉफी मागवली. ती हयवदनराव उभ्यानेच प्यायले आणि बाहेर पडले. कोपऱ्यावर येईपर्यंत त्यांना कळलं नाही की छत्री दुकानात राहिली. आणायला ते परत गेले नाहीत.

*

सकाळी संध्या आटोपल्यावर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले आणि कमलाबाईंना सगळं सांगितलं. त्या डाळीला फोडणी देत होत्या. मोहरी करपली तरी त्यांनी पळी हलवली नाही.

"तीन घरांत दिला मी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पळी खाली ठेवली.

"तिला मारलं का हो त्यांनी?"

"हो."

कमलाबाईंनी पातेलं उतरवलं. "मग बसून काय राहिलात? जेवून जा. ऑफिसात उभं करून ठेवतील."

ड्रॉइंगच्या परीक्षांचं ऑफिस त्याच हॉलच्या माडीवर होतं. तिथले मुख्य भीमाचार्य वयाने त्यांच्याच बरोबरीचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले.

"मेष्ट्रे, तुमचं मन मोठं आहे," ते कानडीत म्हणाले. "विद्यार्थिनीला वाचवण्यासाठी शिक्षक स्वतःवर घेतो, हे मी पूर्वीही पाहिलंय. पण वीस-बावीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेला माणूस शाळेतल्या मुलीचं बघून काढेल? कोण विश्वास ठेवील?"

"मी खरं सांगतोय."

"सरी, सरी. बरं, घरी जा. तुमचं सर्टिफिकेट येईल."

हयवदनराव उठले नाहीत. खोटं बोलायला त्यांना काहीच करावं लागलं नव्हतं. खरं मात्र सिद्ध करावं लागणार होतं.

"दोन्ही चित्रं कपाटातून काढा," ते म्हणाले. "आणि गुंडोला बोलवा. एकदाच. मग मी जातो."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून भीमाचार्यांनी कपाट उघडलं. सगळे खाली हॉलमध्ये गेले. गुंडोला त्याच जागी स्टुलावर बसवलं. बसण्याच्या जागांचा नकाशा होताच. हयवदनरावांनी दोन खुर्च्या त्या दोन जागी ठेवल्या.

"इथे अहल्या होती. बसा तुम्ही."

भीमाचार्य बसले. हयवदनरावांनी दोन्ही चित्रं त्यांच्या हातात दिली. "बघा. नाक डाव्या हाताला वळलेलं. एकच कान. मांडी पूर्ण लांब. गाल उजेडात. इथून असंच दिसतं ना?"

"दिसतं."

"आता माझ्या जागेवर या."

भीमाचार्य आले, बसले, आणि गुंडोकडे बघत राहिले. मग हातातल्या चित्रांकडे. मग पुन्हा गुंडोकडे.

"इथून दोन्ही कान दिसतात," हयवदनराव म्हणाले. "नाक सरळ आपल्या अंगावर येतं. अर्धं तोंड उजेडात, अर्धं काळोखात. आणि मांडी..." ते थांबले. त्यांनी भीमाचार्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "मांडी दिसतच नाही. गुडघा दिसतो. गुडघ्याने सगळं झाकलंय. मी तेव्हा मांडी शोधत बसलो होतो."

टेबलावर कोरा कागद होता. त्यांनी न विचारता तो घेतला आणि उभ्याउभ्याच काढायला लागले. या वेळी जे ठाऊक होतं ते नव्हे, जे दिसत होतं ते. आधी गुडघा, डोक्याएवढा मोठा, बेढब. त्याच्यामागे धोतराचा थोडा काठ. त्याच्याही मागे, लहान होत गेलेली छाती. डाव्या बाजूच्या सगळ्या अंगावर त्यांनी पेन्सिल आडवी घासली आणि कागद काळा केला. चित्र वेडंवाकडं आलं. खांदा खाली गेला होता, हाताची बोटं धड नव्हती. पण तो गुडघा कागदाच्या बाहेर येऊन त्यांच्या पोटाला लागेल, असा आला होता.

भीमाचार्यांनी तो कागद हातात घेतला. नंतर ते बोलले तेव्हा त्यांच्या आवाजातून 'मेष्ट्रे' गेलं होतं.

"मुलीचा निकाल आज लावतो. तुमचं सर्टिफिकेट रद्द होईल. शाळेला तसं कळवावं लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला समजतो ना?"

"समजतो."

"हा कागद?"

"फाडून टाका," हयवदनराव म्हणाले.

तिथून ते घरी गेले नाहीत. शाळेतही नाही. भर दुपारी जयसिंगरावांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले आणि आत न शिरताच बोलले. जयसिंगराव काज करत होते. सुई कापडात अर्धी अडकवून ते ऐकत राहिले. पडद्यामागे कुणीतरी हललं आणि स्तब्ध झालं.

"म्हणजे तिनं नाही केलं," जयसिंगराव म्हणाले.

"नाही. मी केलं. तिनं मला दाखवलं, माझी दया येऊन."

"आणि मी तिला मारलं."

जयसिंगरावांनी अडकलेली सुई कापडातून ओढून काढली.

"तुम्हाला चित्र जमलं नाही, ते मी समजू शकतो," जयसिंगराव सावकाश म्हणाले. "मलाही कोटाची कॉलर पहिल्यांदा जमली नव्हती. बघून केलंत, तेही माणसाच्या हातून होतं. पण काल तुम्ही तिला पाया पडू दिलंत."

"हो," एवढंच हयवदनराव म्हणाले.

पडदा बाजूला झाला. अहल्या दारात आली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं दिसलं, पण वडिलांनी मागे न बघता हाताने थांबवलं आणि ती तिथेच थांबली.

तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक आलं, हातात शर्टाचं कापड घेऊन. पायरीवर दोघांना जागा पुरत नव्हती. जयसिंगराव उठले. गळ्यातला टेप काढून त्यांनी दोन्ही हातांत ताणला.

"जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. दारात उभ्या राहिलेल्या कुणालाही म्हणावं, तसं.

हयवदनराव बाजूला झाले.