आमेनबंदीचा ठराव

रॉस्को टॉलिव्हर यांची सगळी उमर जिल्ह्यातल्या शाळांच्या बसगाड्या हलवण्यात गेली. कुठली गाडी कुठल्या वळणावर थांबायची, नदी चढली की कुठला पूल टाळायचा, कुठला ड्रायव्हर कुठल्या पोरांच्या वाटेला द्यायचा नाही, हे सगळं ते एका खुर्चीत बसून, कानाला फोन लावून ठरवत. निवृत्त झाल्यावर ते शायलो हिल बॅप्टिस्ट मंडळीचे मुख्य डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे सेवक झाले, पण सवय काही सुटली नाही. कुठे गोंधळ दिसला की त्यांना आधी नियम सुचायचा.

त्या वर्षी चर्चमध्ये उपदेश करणारे म्हातारे पाळक थकले आणि लेकीकडे अटलांटाला राहायला गेले. व्यासपीठ रिकामं झालं. नवा पाळक निवडायला समिती बसली आणि अध्यक्षपद अर्थातच रॉस्कोंच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून त्यांना झोप नीट लागेना. कारण मागच्या खेपेची निवड सगळ्या गावाला ठाऊक होती. तेव्हा दोन उमेदवार होते आणि मंडळीत दोन तट. आपला माणूस उपदेशाला उभा राहिला की एक तट आमेनचा नुसता भडिमार करी आणि दुसरा हाताची घडी घालून, ओठ आवळून बसे. दुसऱ्याच्या वेळी पाळी उलटी. निवड झाली आणि पुढच्या ईस्टरच्या आत अर्धी मंडळी उठून गेली. त्यांनी त्याच रस्त्यावर, पेट्रोलपंपाच्या पलीकडे, आपलं निराळं चर्च बांधलं. त्यात रॉस्कोंचा सख्खा भाऊ क्लिओफसही होता. अजूनही दर रविवारी दोघा भावांच्या गाड्या एकामागोमाग येत. एक इकडे वळे, दुसरी सरळ पुढे निघून जाई. हात वर करून सलामसुद्धा होत नसे.

‘प्रभू, माझ्या हातून ही मंडळी पुन्हा फुटू देऊ नकोस,’ एवढंच एक मागणं रॉस्को रोज करत. पण मागणं झालं की हात जोडून गप्प बसणारे ते नव्हते. त्यांनी एक ठराव तयार केला आणि मंडळीच्या सभेपुढे ठेवला.

ठराव असा: समितीनं निवडलेले दोन उमेदवार परीक्षेसाठी उपदेश करतील त्या दोन्ही रविवारी उपदेश चालू असताना कुणी आमेन म्हणायचं नाही, टाळी द्यायची नाही, जागेवरून उठायचं नाही. दोघांनाही सारखी शांतता. मग डोकं ठिकाणावर ठेवून मत द्यायचं.

सभेत चुळबुळ झाली. केस करायचं दुकान चालवणारी डेलॉइस बँक्स उठली. समितीत तीही होती आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती.

“आमेन नाही. बरं. ‘हं’ म्हटलं तर चालेल?”

“‘हं’ पण नाही,” रॉस्को म्हणाले.

“डीकन, मला या दिवसांत खोकला होतो. खोकू की नको?”

“खोक ना. पण दोघांच्याही वेळी सारखी खोक.”

सभा हसली. ऑर्गन वाजवणाऱ्या कर्टिसनं विचारलं, “आणि मी काय करू?”

“सुरुवातीचं गीत वाजव आणि मग हात मांडीवर ठेव.”

पहिल्या बाकावरच्या मदर लुव्हिनिया ग्रिअर यांनी हातातला पंखा थांबवला. चर्चमधली सगळ्यात वडील बाई ती, म्हणून सगळ्यांची ‘मदर’. “देवाच्या घरात गप्प बस असं मला आजवर फक्त माझ्या आईनं सांगितलंय,” त्या म्हणाल्या, “आणि तेव्हा मला दात यायचे होते.” पण हात त्यांनीही वर केला, कारण फुटीचं दुःख त्यांनाही होतं. त्यांच्या दोन नाती पलीकडच्या चर्चमध्ये वाढत होत्या. ठराव मंजूर झाला.

पहिल्या रविवारी रेव्हरंड एमरी किट्रेल आले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, जड पावलांचा माणूस. रॉस्कोंनी त्यांना फोनवर आधीच बजावलं होतं, “आमची माणसं जरा शांत बसतील बरं का.” त्यावर किट्रेल खो खो हसले होते. “बॅप्टिस्ट आणि शांत? डीकनसाहेब, तुम्ही मोठे विनोदी दिसता!”

त्यांनी बायबलातली अलीशा संदेष्टा आणि विधवेची कथा घेतली. घरात तेलाची एक कुपी तेवढी उरलेली, आणि संदेष्टा सांगतो, जा, शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आण, आणि ती सगळी भरेपर्यंत कुपीतलं तेल आटत नाही. आता तिथला उपदेश कसा असतो! तो आधी साध्या बोलण्यात सुरू होतो. हळूहळू बोलण्याला ठेका येतो, ठेक्याला सूर फुटतो, आणि शेवटी शेवटी पाळक गातो की रडतो हे त्याचं त्यालाही कळत नाही. पण हे एकट्याचं काम नव्हे. प्रत्येक ओळीनंतर तो श्वासापुरती जागा सोडतो आणि ती जागा मंडळी भरते. कुणी ‘आमेन’ म्हणतं, कुणी ‘खरंय, खरंय’, कुणी नुसतंच हुंकारतं. त्या आवाजावर पाय ठेवून तो पुढची पायरी चढतो. मागं धृपद धरणारं कुणी नसेल तर पुढच्यानं गायचं कुणाच्या आधारावर?

“ती गेली पहिल्या दारी,” किट्रेल म्हणाले आणि थांबले.

कोणी काही बोललं नाही. हातातले पंखेसुद्धा थांबले होते.

“ती गेली दुसऱ्या दारी...”

कुठेतरी बाक करकरला. किट्रेलनी एकदा मंडळीकडे पाहिलं, एकदा खाली आपल्या बुटांकडे. आपल्या हातून काहीतरी मोठा प्रमाद घडलाय असा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी जागा सोडायचंच सोडून दिलं. भरभर बोलत, वाक्यावर वाक्य चढवत ते शेवटाला पोचले, रुमालानं मान पुसली आणि खाली बसले. सूर लागलाच नाही.

“माणूस बरा आहे,” बाहेर पायऱ्यांवर डेलॉइस म्हणाली, “पण आत निखारा नाही.” बहुतेकांनी माना डोलावल्या. नियम मात्र कुणी मोडला नव्हता. रॉस्को समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या रविवारी रेव्हरंड टेरेन्स मेब्री आले. तिशी जेमतेम उलटलेली, उंच, चपळ, आवाज बांधलेला. त्यांनी बायबलातल्याच हागारेची कथा काढली. वाळवंटात पाणी संपलेलं, लेकरू झुडपाखाली ठेवलेलं, आणि आई दूर जाऊन पाठ फिरवून बसलेली, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. सुरुवात छान झाली. पण तीच शांतता त्यांच्याही अंगावर आली. दोनदा त्यांनी जागा सोडली, दोनदा ती रिकामी गेली. तिसऱ्यांदा त्यांची ओळच हरवली. व्यासपीठाची कड दोन्ही हातांनी धरून तो तरुण माणूस नुसता उभा राहिला.

शायलो हिलमध्ये पाळक असा अडखळला की म्हाताऱ्या बायका हलक्या आवाजात म्हणतात, ‘सांभाळ, प्रभू, त्याला सांभाळ.’ कुणी शिकवावं लागत नाही. बुडणाऱ्याकडे हात जावा तसं ते तोंडून जातं. आज ते कुणी म्हणालं नाही. मदर लुव्हिनियांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ओठ दाताखाली धरले होते. दिलेला शब्द पाळत होत्या बिचाऱ्या.

“सांभाळ, प्रभू!”

आवाज डीकनांच्या बाकावरून आला. सगळ्या माना वळल्या. रॉस्को टॉलिव्हर उभे होते. आपण कधी उठलो हे त्यांना कळलं नव्हतं. “सांभाळ त्याला! बोल बाबा, बोल, आम्ही आहोत!”

मग काय विचारता. मदर लुव्हिनियांचा हुंकार उठला, कर्टिसचे हात मांडीवरून पट्ट्यांवर पडले, आणि दोन रविवार कोंडलेली मंडळी एकदम मोकळी झाली. मेब्रींना हरवलेली ओळ सापडली. “देवानं तिचे डोळे उघडले,” ते म्हणाले, आणि मंडळी म्हणाली, “उघडले!” “विहीर तिथंच होती,” ते गायला लागले, आणि मंडळी गायली, “तिथंच होती!” सूर चढत चढत छताला भिडला. हागारेनं लेकराच्या ओठाला पाणी लावलं तेव्हा अख्ख्या चर्चमध्ये कोरडा डोळा राहिला नाही. असा उपदेश ऐकला की माणसाला वाटतं, आता इथून थेट वरच जावं, मध्ये घरी कशाला?

खाली जेवणाच्या दालनात सगळे आनंदात होते. तळलेली कोंबडी, शिजवलेली कोलार्डची भाजी, मक्याचा पाव. ताटं भरत होती आणि तोंडं चालत होती. “मिळाला पाळक!” डेलॉइस म्हणाली. “बुधवारीच सभा घेऊन टाका, डीकन. त्याला दुसऱ्या एका चर्चकडूनही बोलावणं आहे म्हणतात. हातचा जाईल.”

रॉस्को ताटातला पाव कुसकरत बसले होते. “किट्रेलचं काय?”

“त्यांचं काय? ऐकलं ना आपण त्यांना.”

“नाही ऐकलं. त्यांना आपण भिंतीशी बोलायला लावलं.”

“नियम तुमचा, मोडलात तुम्ही, आणि आता टोचतोय तोही तुम्हालाच! आमच्या पाळकानं त्याची भरपाई का करायची?”

रॉस्को मदर लुव्हिनियांच्या शेजारी जाऊन बसले. धीराचा एखादा शब्द मिळेल असं त्यांना वाटलं होतं.

“मला हाच मुलगा पाहिजे,” म्हातारी म्हणाली. “फार दिवसांनी माझं रक्त असं सळसळलं. रॉस्को, आता तू नसती कुरापत काढू नकोस.”

बुधवारच्या सभेत त्यांनी ती काढलीच. रेव्हरंड किट्रेलना पुन्हा बोलवावं, आमेनबंदी उठवून त्यांना ऐकावं आणि मगच मत घ्यावं, असं त्यांनी मांडलं. एकदम आवाज चढले. मागून कुणी ओरडलं, “मेब्री गेला तर तुम्ही जबाबदार!” डेलॉइस म्हणाली, “फूट नको म्हणून नियम केलात, आणि आता स्वतःच फूट पाडायला निघालात!”

रॉस्कोंनी व्यासपीठाखालच्या टेबलाला हात टेकले.

“मागची फूट आमेनच्या गलक्यामुळं पडली असं मी आजवर धरून चाललो,” ते म्हणाले. “गलका बंद केला की झालं. पण परवा किट्रेलचा चेहरा आठवला आणि माझ्या भावाचा चेहरा आठवला. क्लिओफस माझ्याशी एकच वाक्य बोलून गेला होता. म्हणाला, ‘रॉस्को, हरल्याचं काही नाही रे, पण तुम्ही आमच्या माणसाला ऐकलंच नाहीत.’ आम्ही हाताची घडी घालून बसलो होतो ना. ते तेव्हा मी कानावरून जाऊ दिलं. या खेपेला मी सगळ्या चर्चलाच हाताची घडी घालायला लावली. मेब्रीच निवडा. माझी हरकत नाही. पण किट्रेलना ऐकून निवडा.”

कुणी टाळी वाजवली नाही. ठराव कसाबसा, थोडक्या मतांनी पास झाला. डेलॉइसचं मत विरोधात पडलं. मेब्री फोनवर म्हणाले, “थांबतो मी. पण फार नका थांबवू.” किट्रेलना तयार करणं त्याहून अवघड गेलं. “पुन्हा? एकदा झालं तेवढं पुरे नाही का, डीकनसाहेब?” रॉस्कोंनी त्यांना सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली. मग किट्रेल हसायला लागले, आणि हसता हसता हो म्हणाले.

ते आले. तीच कथा त्यांनी पुन्हा घेतली. ती गेली पहिल्या दारी, आणि मंडळी म्हणाली, “गेली!” सुरुवातीला जरा कर्तव्य म्हणूनच म्हणाली. पण किट्रेलना घाई नव्हती. मेब्रींसारखी त्यांनी झेप घेतली नाही. खालच्या, जाडसर सुरात ते दारोदार फिरत राहिले, आणि प्रत्येक दारात शायलो हिलमधलंच कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. गिरणी बंद पडून घरी बसलेला, नवऱ्याला पुरून आलेली, लेक पलीकडच्या चर्चमध्ये गेलेली आई. ‘आण, आण, तुझं रिकामं भांडं आण,’ ते गात होते, आणि माणसं ओरडत नव्हती, गात होती, त्यांच्याबरोबर, खालच्या सुरात. डेलॉइस खाली मान घालून बसली होती.

त्याच संध्याकाळी मतदान झालं. अध्यक्ष म्हणून रॉस्कोंनी मत दिलं नाही. मोजणी झाली आणि निकाल त्यांनी वाचला: रेव्हरंड किट्रेल, थोड्या फरकानं.

आता रीत अशी की निकालानंतर हरलेल्या बाजूच्या एकानं उठायचं आणि ‘ही निवड एकमतानं झाली असं धरावं’ अशी सूचना मांडायची. मग सगळे हात वर होतात आणि कुणी हरलेलं उरत नाही. पण उठायचं हरलेल्यानंच. अध्यक्षाला ते सांगता येत नाही, सुचवताही येत नाही. मागच्या खेपेला कुणी उठलं नव्हतं.

रॉस्को कागद हातात धरून उभेच राहिले. मेब्रींची माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. कुणीतरी पर्स उघडली, बंद केली. मदर लुव्हिनिया तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत होत्या. दारापाशी एकानं टोपी डोक्यावर घातली. रॉस्कोंच्या मनात मागणं सुरू झालं होतं, पण त्यांना शब्द सापडेनात.

“अध्यक्ष महाराज,” डेलॉइस बँक्स उठली. आवाज चढाच. “मला मेब्री पाहिजे होता. अजूनही तोच पाहिजे. तुम्ही मध्ये पडला नसतात तर तोच मिळाला असता, हे मी तुम्हाला माझ्या मरणापर्यंत ऐकवणार आहे.”

“ऐकव,” रॉस्को म्हणाले.

“पण या माणसाला मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत झालीय.” तिनं नाक पुसलं. “निवड एकमतानं झाली असं धरा. आणि त्यांना सांगा, एवढी दारं हिंडत बसले तर खाली कोंबडी गार होते.”

“अनुमोदन,” खिडकीकडे बघतच मदर लुव्हिनिया पुटपुटल्या.

दारापाशी उभ्या माणसानं टोपी काढली. एकेक करत हात वर गेले. रॉस्को ते मोजत नव्हते. डोळे भरल्यामुळं त्यांना काही नीट दिसतच नव्हतं.