ज्योत्स्नाच्या मापाची डमी

मी एक जुनी डमी आहे. मला डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत. हसा मित्रांनो, खुशाल हसा! पण दुकानातल्या त्या गुळगुळीत बाहुल्यांत मला धरू नका. त्या कुणाच्याच मापाच्या नसतात. मी हिमायतनगरच्या ज्योत्स्नाच्या मापाची आहे, तिच्या जरा उतरत्या उजव्या खांद्यासकट.

ज्योत्स्ना दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली, त्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. लातूरकडच्या भूकंपाची धास्ती तेव्हा लोक विसरत चालले होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी लातूरच्या शिकवण्या होत्या. ज्योत्स्नाही निघाली. तिची आई धुरपताबाई शिवणकाम करायची. "पोरगी तिकडं, मी हिकडं. माप कुणाचं घेऊ?" असं म्हणत तिनं लेकीला जुना बनियन घालून उभं केलं. शेजारच्या रहमतबीनं त्यावर खाकी चिकटपट्टीचे तुकडे थरावर थर चिकटवले.

"हलू नको गं! काय वळवळ करून राहिलीस?"

"गुदगुल्या होतेत, खाला!"

ते कवच ताठ झाल्यावर धुरपताबाईनं पाठीकडून जपून कापून लेकीला मोकळं केलं. चीर पुन्हा चिकटवली, आत कातरणं आणि जुन्या गादीचा कापूस ठासला, आणि मला मोडक्या पंख्याच्या दांड्यावर बसवलं. "या अल्ला, हुबेहूब पोरगीच की!" रहमतबी म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ज्योत्स्ना गेली. तिचे कपडे आता माझ्याच अंगावर बेतले जाऊ लागले. लातूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर दोन ड्रेस गेले. एसटीडी बूथवरच्या फोनवर लेक सांगायची, "झकास बसले आई. जेवण बी चांगलं हाय." धुरपताबाई घरी येऊन माझा खांदा थोपटायची. माझा तोरा काय विचारता!

दसऱ्याला ज्योत्स्ना घरी आली. विहारात जायला तिच्यासाठी शिवलेला पांढरा ड्रेस माझ्या अंगावर तयार होता. तिनं तो घातला, तर नुसता लोंबायला लागला.

"पावसाळ्याच्या ओलीनं डमी फुगली असंल," रहमतबी म्हणाली. असा राग आला मला! फुगले? मी?

 धुरपताबाईनं पेटीतून लेकीचा उन्हाळ्यातला ड्रेस काढून मला चढवला. चपखल बसला. मग तोच लेकीला घालायला लावला. तोही लोंबला.

"मग तिकडं धाडलेले दोन कसे बसले गं?"

ज्योत्स्नानं मान खाली घातली. "पिना लावत होते, आई. वरून ओढणी घ्यायची." आणि तिला रडूच फुटलं. "ताटावर बसलं की पेपरच आठवतो. घास उतरत न्हाई. सगळे म्हणतेत डॉक्टर होशील. कुणाला सांगू?" मग डोळे पुसत ती म्हणाली, "तू एवढा ड्रेस आत घे. बास."

"न्हाई घेणार," धुरपताबाई म्हणाली. "ड्रेस हाय तसाच राहील. तूच पुन्हा त्याच्याएवढी हो. डॉक्टर झालीस तर झालीस, पण पोरगी मला आख्खी पाहिजे."

तिनं गिऱ्हाइकं रहमतबीवर सोपवली. ज्योत्स्नाचे बाबा म्हणाले, "जा तू. मी थापीन भाकरी, जळली तर जळली." शिलाई मशीन आणि मी, दोघी लातूरच्या एका खोलीत आलो. धुरपताबाई लेकीसमोर बसून जेवायची आणि जेवताना अभ्यासाचं नाव काढू द्यायची नाही. सुरुवातीला अर्धी भाकरी जायची. काही दिवस तर तीही उरायची, आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी ज्योत्स्नानं तो पांढरा ड्रेस पुन्हा घातला. धुरपताबाईनं कमरेला, पाठीला कापड चिमटीत धरून बघितलं. चिमटीत काही येईना. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली.

आता माझ्या पट्ट्या सुटल्यात, कापूस बाहेर डोकावतो. माझी काळजी करू नका. मित्रांनो, तुम्ही घरापासून लांब राहत असाल आणि फोनवर आईनं विचारलं, "जेवलास का? जेवलीस का?" तर खरं तेच सांगा. शिवणारी कितीही हुशार असली तरी तिला फोनवरून माप घेता येत नाही.