तळाला सात भोकं

मित्रांनो, मी एक जुना दुधाचा कॅन आहे. म्हणजे होतो. आता माझी वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी तेवढी उरली आहे, आणि ती अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या उत्तर टोकाला एका घरामागे मातीत खोचलेली आहे. माझ्या अंगावर पेन्सिलीने चार शब्द लिहिले आहेत. ते कोणते, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितले तर तुम्ही उठून जाल.

माझा जन्म एका फुंकरीतून झाला. थट्टा नाही. कारखान्यात वितळलेल्या प्लॅस्टिकची नळी साच्यात लोंबते, यंत्र तिच्यात फुंकर मारतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पोट, मान आणि कान असलेला कॅन तयार होतो. फुंकरीतून जन्मलेल्यांना स्वप्नं फार पडतात. त्यामुळे पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं किती घडलं आणि किती मला दिसलं, हे मलाही नक्की ठाऊक नाही. पण खोटं त्यात काही नाही.

पोटभर दूध घेऊन मी ओडील फूर्नियेच्या टेबलावर आलो तेव्हा जानेवारी होता. दुधाच्या कॅनचं तारुण्य पाच दिवसांचं. पाच दिवस माझं फार कौतुक झालं. सकाळी उठल्याबरोबर सगळ्यांना आधी मीच हवा असायचा. सगळ्यांना म्हणजे दोघांना. ओडील सत्तरीची, आणि तिचा नवरा लूसियन तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. सहाव्या दिवशी मी रिकामा झालो आणि माझ्यावरून भांडण पेटलं.

"हा कॅन मला दे," लूसियन म्हणाला. "ओढ्याकाठच्या मेपलना बादल्या कमी पडतायत."

लूसियनचं मेपलचं गुऱ्हाळ होतं. मार्च आला की झाडांना गिरमिटाने भोक पाडायचं, तोटी ठोकायची, खाली बादली टांगायची आणि जमलेला रस आटवून पाक करायचा. पण गावात त्याचं नाव होतं ते गळती बुजवण्यासाठी. त्याने बुजवलेली बादली पुन्हा कधी गळली नाही.

"नाही देणार," ओडील म्हणाली. "ह्याच्या तळाला भोकं पाडायची आहेत मला."

लूसियनच्या हातातला डोनट हातातच राहिला. "धडधाकट भांड्याला भोकं? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? चाळीस वर्षं मी गावाची गळती भांडी बुजवतोय, आणि माझ्याच घरात..."

"ब्लाँदीन असंच करायची."

ह्यावर लूसियनने डोनट खाली ठेवला. ब्लाँदीन ही ओडीलची थोरली बहीण. सीमेपलीकडे कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, नदीकाठी तिची बाग होती आणि त्या बागेत निळी खसखस फुलायची. कधीकाळी तिने ओडीलला एक रोप दिलं होतं. लूसियनने त्या रोपावर इतकी माया केली की पाणी कमी पडू नये म्हणून ते उपटून झऱ्याजवळच्या खोलगट जागी, काळ्याभोर चिकणमातीत लावलं. एका हिवाळ्यात मुळं कुजली. आता ब्लाँदीनही उरली नव्हती; मागच्या शरद ऋतूत ती गेली. एका पाकिटात तिच्या बागेतलं एक वाळकं बोंड होतं. त्यातलं चिमूटभर बी, एवढंच शिल्लक होतं.

ओडीलने स्क्रूड्रायव्हर शेगडीवर लाल केला आणि माझ्या तळाला सात भोकं पाडली. मित्रांनो, भांड्याच्या जातीला ह्यापरतं दुसरं लाजिरवाणं काही नाही. मी धुरकट वासाचे अश्रू ढाळले. मग तिने मला कमरेत कापलं, कानाखाली बोटभर जोड राखला, म्हणजे मी पेटीसारखा उघडायला लागलो. माझं झाकण तर तिने फेकूनच दिलं.

"माती मी आणतो," लूसियन म्हणाला. "कुरणातली काळी. सोनं आहे सोनं!"

"तुझं सोनं तुझ्याजवळ ठेव. कॅनमध्ये त्याची वीट होते."

तिने मेपलखालची कुजून भुसभुशीत झालेली पानं चाळली, त्यात जाडी वाळू मिसळली, थोडी विकतची हलकी माती घातली, आणि ओलं करून मूठ वळली. "हे बघ. वळली तर पाहिजे, पण बोट लावलं की मोडली पाहिजे. पाणी यावं, बसावं, आणि निघून जावं. पाहुण्यासारखं."

"तुझ्या भावासारखं नाही," लूसियन म्हणाला.

ती हसली आणि मग तिने श्वास रोखून ते बी मातीवर पसरलं. हसताना बी उडून गेलं असतं. मला चिकटपट्टीने बंद केलं, आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या, दुसरी बियाणं पेरलेल्या आठ कॅन-भावंडांसोबत ओसरीशेजारी लाकडी पट्ट्यांच्या गुडघाभर बाकावर ठेवलं. बर्फात, उघड्यावर.

त्या वर्षी थंडी अशी पडली की लूसियनची सावली ओसरीच्या पायरीला चिकटली आणि तो पाच आठवडे सावलीविनाच हिंडला. बर्फ आमच्या डोक्यावरून गेलं. आणि खाली, मित्रांनो, काय सांगू! खाली सगळं निळं होतं. बर्फातून गाळून आलेला उजेड निळाच असतो. वारा नाही, आवाज नाही. माझ्या पोटात ते चिमूटभर बी झोपलं होतं आणि झोपेत कुजबुजत होतं. "झाली का वेळ?" एक विचारायचं. "नाही अजून," दुसरं म्हणायचं, आणि पुन्हा सगळी कूस बदलायची. हिवाळा अंगात मुरल्याशिवाय त्यांना जाग येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. मला स्वप्न पडायचं की मी पुन्हा भरलेला आहे, पण दुधाने नाही, आकाशाने.

मार्चमध्ये ब्लाँदीनचं घर आवरायला ओडीलला आठवडाभर जावं लागलं. घर विकलं होतं, बागेसकट. निघताना तिने लूसियनला दारात धरलं.

"पाणी घालायचं नाही. घरात आणायचे नाहीत. दया करायची नाही. आठवडाभर तू कॅन विसरून जायचं. कळलं?"

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर ऐकलं असतंस."

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी ऊन पडलं. बर्फ सुटलं, माझ्या उघड्या तोंडातून पाणी आत आलं, मातीतून झिरपत खाली आलं आणि सातही भोकांतून टप टप टप गळू लागलं. लूसियन बादल्या घेऊन डोंगरावर निघाला होता, तो थांबला.

"अरेरे," तो म्हणाला. "गळतायत बिचारे."

मी ओरडून सांगितलं, पण कॅनची भाषा माणसाला येत नाही. त्याने सुक्या लाकडाच्या बारीक खुंट्या तासल्या आणि नऊही कॅनची भोकं एकूण एक ठोकून बंद केली. सुकी खुंटी पाणी पिऊन फुगते. मग ती परमेश्वरालाही निघत नाही. लूसियनने माझ्या कानावर थोपटलं. "बायको बघेल तर खूशच होईल."

मग पाऊस आला. पाणी चढत गेलं. आधी माती भिजली, मग बुडाली, मग तिच्यावर तळं साचलं. झोपलेलं बी पाण्यावर उठून आलं. आता ते कुजबुजत नव्हतं. पाणी पाहुण्यासारखं आलं होतं आणि ठाण मांडून बसलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातला फोन वाजला. खिडकी उघडी होती. पण ओडीलचा आवाज असा की फोन नसता तरी सीमेपलीकडून ऐकू आला असता.

"लूसियन! कॅन टपकतायत ना?"

"एक थेंब नाही!" लूसियन छाती काढून म्हणाला.

 

"लूसियन," ओडील हळू म्हणाली, "काय केलंस?"

त्याने सांगितलं.

"टपकतात तोवरच जगतात ते. ह्यापलीकडे ब्लाँदीनचं काहीही राहिलेलं नाही माझ्याकडे. झुडपंसुद्धा उपटून टाकलीत नव्या लोकांनी." आणि तिने फोन ठेवला.

लूसियन धावत आला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस कसा धावतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पकडीने खुंट्या ओढल्या, तर त्या तुटल्या, पण हलल्या नाहीत. चाळीस वर्षांची ख्याती अशी आडवी आली. "सोड ना, मेल्या!" तो आपल्याच कामाला शिव्या देत होता. डोंगरावर त्या दुपारी वर्षातला सगळ्यात जोरदार रस सुटला होता. दोनशे बादल्या भरून जमिनीवर वाहत होत्या. त्याने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

मग तो गुऱ्हाळातून गिरमिट घेऊन आला. माझ्या कुशीत, तळापासून अर्ध्या बोटावर त्याने भोक पाडलं आणि सवयीने हात चालला तो थांबलाच नाही: तोटी ठोकली, खाली बादली टांगली, आणि बादलीच्या तोंडावर पाक गाळायचं फडकं बांधलं. पाणी भळभळून सुटलं. एकेक करत त्याने नऊही कॅनना तोट्या लावल्या. मग चष्मा पुसून ते फडकं उन्हात धरलं. माझ्या पोटातून वाहून आलेलं काही बी त्यावर अडकलं होतं. काडीपेटीची काडी जिभेवर ओली करून त्याने एकेक दाणा टिपला आणि परत मातीवर ठेवला. दाणा एकही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी ओडील आली. ओसरीपाशी नऊ दुधाचे कॅन, नऊ तोट्या, नऊ बादल्या, आणि शेजारी पायरीवर मान खाली घातलेला नवरा. तिने एका बादलीत डोकावून पाहिलं.

"पाक किती निघाला?" तिने विचारलं.

लूसियनने मान वर केली. "ओडील, मी..."

"उठ. पायरी थंड आहे."

एप्रिलमध्ये माझी आठही भावंडं हिरवी झाली. मी काळाच. लूसियन रोज सकाळी गुडघे टेकून माझ्या तोंडातून आत डोकावायचा. हात मात्र पाठीमागे बांधून. ओडील एकदाही आत बघायची नाही. "काय म्हणतंय?" एवढंच विचारायची, आणि तो नकारार्थी मान हलवायचा. मे उजाडला. एका सकाळी तो डोकावला आणि तसाच राहिला. मग इतक्या हळू आवाजात हाक मारली, की जणू मोठ्याने बोललं तर ते परत आत जाईल:

"ओडील. ये."

माझ्या मातीवर केसाएवढी तीन हिरवी टोकं होती. दोन गोगलगाईने खाल्ली. एक उरलं.

उन्हाने मी ठिसूळ होत गेलो. प्लॅस्टिकचं म्हातारपण तसंच असतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ओडीलने ते रोप वरच्या अंगाला, निचऱ्याच्या सावलीच्या जागी हलवलं. मला तिने टाकलं नाही. कात्रीने माझी पट्टी कापली, पेन्सिलीने काही लिहिलं, कारण पेन्सिल उन्हात उडत नाही, आणि मला रोपाशेजारी खोचलं. फुलाचं नाव नाही, बहिणीचंही नाही. चार शब्द लिहिले:

"हात लावू नकोस, लूसियन."

ह्या जूनमध्ये फूल उमललं. बर्फाखाली मी जो रंग पाहिला होता, तोच. तसूभरही वेगळा नाही. लूसियन सकाळी आला, वाकला, हात पाठीमागे बांधलेले. माझ्यावरचे शब्द त्याने नेहमीसारखे वाचले आणि तसाच उभा राहिला. मागून ओडील आली. तिने त्याच्या पाठीमागचा एक हात सोडवला, पुढे ओढला आणि त्याचं बोट पाकळीला टेकवलं.

"आता लाव," ती म्हणाली.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. रिकामं भांडं फेकण्याआधी एकदा उलटं करून बघा. त्याचं अर्धं आयुष्य तळात दडलेलं असू शकतं. आणि ज्याच्यावर माया कराल त्याला थोडं गळू द्या. राहिला प्रश्न फुलाचा. कधी ह्या बागेत आलात, तर माझ्यावरचे चार शब्द आधी वाचा. लूसियनला सूट मिळाली आहे. तुम्हाला नाही.