न पाळलेले चार दिवस

वटार गावातल्या विड्याच्या पानवाडीत शिरायचे काही नियम आहेत. चपला कुंपणाबाहेर काढायच्या. वेलीला अंग घासू द्यायचं नाही. पान खुडताना देठ नखाने तोडायचा, ओढायचा नाही. आणि बाईमाणसाने महिन्याचे चार दिवस वाडीत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल करपते. संजना लग्न होऊन आली तेव्हा धोंडूबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, पहिले तीन नियम तिला हाताने करून दाखवले आणि चौथा एका वाक्यात सांगून टाकला.

संजना गावातल्या अंगणवाडीची सेविका. पाळीने कुठली वेल करपत नाही, हे ती मोठ्या मुलींना दर महिन्याला बसवून सांगायची. पण घरात नवी सून म्हणून आल्यावर असल्या गोष्टीवरून वाद कुठे घालायचा? चार दिवस ती कुंपणाबाहेर फणसाखाली उभी राहायची. सासूबाई आतून विचारायच्या, भाताला आधण ठेवलंस का, दूध तापवलंस का, आणि ती बाहेरूनच उत्तर द्यायची. चार वर्षं हे दिवस इतके ठरल्या वेळी आले की धोंडूबाईंना दिनदर्शिका बघावी लागत नसे. दर चौथ्या सोमवारी सून वाडीत आली नाही की त्या मनातल्या मनात म्हणायच्या, याही महिन्याला नाही.

ते ठरल्या वेळी येत होते याचं कारण अंगणवाडीच्या लोखंडी कपाटात, मुलांच्या वजनाच्या नोंदवहीमागे ठेवलेलं होतं. गोळ्यांचं पाकीट. लग्न झालं तेव्हा तिच्या नवऱ्याची, प्रितेशची, सातिवलीच्या कारखान्यातली नोकरी पक्की नव्हती आणि संजनाला पर्यवेक्षिकेची परीक्षा द्यायची होती. मुलासाठी दोन वर्षं थांबू, असं दोघांनी ठरवलं. पहिल्या वेळी ती नापास झाली. दुसऱ्या वेळी थोडक्यात हुकली. दोनाची चार वर्षं झाली. सासूबाईंना सांगायला हवं, असं संजना म्हणायची, आणि प्रितेश म्हणायचा, "सांगू गं, घाई काय आहे?"

मग सांगणं अवघड होऊन बसलं. तिसऱ्या वर्षी धोंडूबाई जीवदानीचा डोंगर चढून गेल्या आणि परत आल्या त्या पान सोडूनच. नातवंड मांडीवर येईपर्यंत तोंडात पान घालणार नाही, असं त्या देवीला बोलून आल्या होत्या. सोळाव्या वर्षापासून त्यांचे ओठ लाल. जेवण झालं की स्वतःच्या वेलीचं कोवळं पान, बोटभर चुना, सुपारीचं खांड. तेवढं झालं की मगच त्यांची दुपार सुरू व्हायची. आता त्या इतरांना विडे करून द्यायच्या आणि स्वतः चिमूटभर बडीशेप चघळत बसायच्या. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे ओठ फिके पडले. संजना रोज समोर बसून ते बघायची, आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेल्यावर पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची.

गेल्या दिवाळीनंतर तिने गोळ्या थांबवल्या. प्रितेशची नोकरी पक्की झाली होती, आणि परीक्षेचं नाव आता तिलाच नकोसं झालं होतं. शेवटचं पाकीट संपल्यावर एकदा पाळी आली. त्यानंतर आलीच नाही.

पहिल्या महिन्यात ती कुणाला न सांगता आनंदात राहिली. दुसऱ्या महिन्यात विरारहून तपासणीची पट्टी आणली. एकच रेघ उमटली. दहा दिवसांनी पुन्हा आणली, तरी एकच रेघ. पण अंग मात्र काही वेगळंच सांगत होतं. ब्लाउज काखेत दाटू लागले. हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, अशा तर शाळेत असतानाही आल्या नव्हत्या. मुलांची वजनं झाली की ती दार लोटून स्वतः मोठ्या काट्यावर उभी राहायची. चौपन्न किलोंचे अठ्ठावन्न झाले, मग साठ. मुलांचं वजन वाढलं की ती कार्डावरच्या रेषेवर ठिपका देऊन आईला शाबासकी द्यायची. स्वतःचा आकडा तिने कुठेच लिहिला नाही.

एकदा खिचडी वाढताना चार वर्षांच्या सुरुचीने तिच्या पोटाला हात लावून विचारलं, "बाई, तुमच्यात बाळ हाय?"

"नाही गं. मी खिचडी जास्त खाते."

"मंग मला पन जास्त द्या," सुरुची म्हणाली, आणि संजनाने तिला आणखी एक डाव वाढला.

फेब्रुवारीत ती आगाशीला सँड्रा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासायला पाठवलं, आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "गोळ्या सुरू करायच्या आधी पाळी कशी होती तुझी?"

संजना विचारात पडली. लग्नाआधी कधी चाळीस दिवसांनी यायची, कधी दोन-दोन महिने नाही. आई म्हणायची, लग्न झालं की होईल सुरळीत. आणि लग्न झाल्यावर खरंच सुरळीत झाली होती.

डॉक्टरांनी तिला सावकाश समजावलं. इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला येत होतं ते गोळ्यांच्या तालावर. मूळचा त्रास होता तो तसाच होता, गोळ्यांनी झाकला गेला होता. आता गोळ्या थांबल्या आणि शरीर आपल्या जुन्या चालीवर आलं. बीजकोशांत बीज वेळेवर पिकत नाहीये. वजन वाढलंय तेही बरंचसं त्याच त्रासाशी जोडलेलं. औषध आहे, चालणं आहे, खाण्याकडे लक्ष देणं आहे. "मूल होणार नाही, असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण कधी, ते मला आज सांगता येत नाही. पाळी आली की मला फोन कर. ती चांगली खूण असेल."

परत येताना रिक्षात संजनाला आपलेच शब्द आठवत होते. चित्रांचा तक्ता उलगडून ती गावातल्या बायकांना सांगायची की गोळ्या थांबवल्या की सगळं पूर्ववत होतं. खोटं कुठे होतं ते? झालंच होतं पूर्ववत.

घरी मात्र या तीन महिन्यांत निराळंच काही घडत होतं. धोंडूबाई मुळात मोजकं बोलणाऱ्या. चार वर्षांत त्यांनी सुनेला कधी टोचून म्हटलं नव्हतं, पण जवळही घेतलं नव्हतं. जानेवारीत एका सकाळी संजना पानांची करंडी उचलायला वाकली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"ठेव ती खाली. जड उचलू नको, पोरी."

पोरी. हा शब्द या घरात तिच्यासाठी पहिल्यांदाच आला होता. मग रात्री ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा येऊ लागला. वाडीतल्या वेलची केळ्यांचा पहिला घड देवापुढे जाऊन सरळ तिच्या खोलीत आला. विहिरीचं पाणी ओढायला धोंडूबाई स्वतः उठू लागल्या. तीन महिने सून फणसाखाली उभी राहिली नव्हती आणि अंगाने भरत चालली होती. पानवाडीत जन्म गेलेल्या बाईला आणखी कोणता पुरावा हवा?

संजनाला हे कळत होतं. यावर एक सोपा उपाय होता. चार दिवस खोटंच फणसाखाली उभं राहायचं. एकदा तर ती चपला न काढता कुंपणापर्यंत गेलीही. पण आतून सासूबाई म्हणाल्या, "सावकाश ये गं, पोरी, ओलं हाय." तिने चपला काढल्या आणि आत गेली. आणखी एक खोटं नको, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण तिला ठाऊक होतं. तिची आई लग्नानंतर वर्षभरात गेली होती. लोण्याचा तो गोळा तिला हवा होता.

प्रितेशला तिने डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो मोबाइलकडे बघतच म्हणाला, "आईला आत्ताच काही बोलू नको, संजू. खूश आहे ती. तोवर खरंच झालं तर?"

फाल्गुनातल्या एका शुक्रवारी, प्रितेश कामावर गेल्यावर, धोंडूबाईंनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. पाट मांडला होता. ताटात हिरवा खण, नारळ, तांदूळ, पाच फळं आणि दोन पानांचा विडा. पानं आपल्याच वेलीची, सकाळची, अजून पाणी निथळत होतं. संजनाला बघताक्षणी कळलं. तिसऱ्या महिन्यात सासूने सुनेची ओटी भरायची, कुणाला न सांगता, नवऱ्यालासुद्धा न कळवता. चोरओटी म्हणतात तिला. अंगणवाडीच्या कितीतरी गर्भवतींनी तिला ते हसत हसत सांगितलं होतं, आणि तिने त्यांची नावं वहीत लिहिली होती.

"बस. पदर पसर," धोंडूबाई म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं.

संजना पाटावर बसली. साडीचा पदर तिने पुढे घेतलाही. धोंडूबाईंनी तांदळाची पहिली ओंजळ उचलली, तेव्हा तिचे हात आपोआप मिटले.

"आई, थांबा."

"लाजतेस काय? मला ठावं हाय सगळं. तीन महिनं झालं, तू एकदा बाहेर राहिली नाय."

"आई, पोटात काही नाही. पाळीच येत नाहीये."

धोंडूबाईंची ओंजळ तशीच राहिली. मग संजनाने सांगितलं. बायकांना समजावताना तिच्या तोंडी शब्द कसे रांगेत यायचे, आज एकही धड येईना. दोन पट्ट्या, सोनोग्राफी, वजन, आधी लग्नाआधीचं, मग शेवटी गोळ्यांचं. कपाटाचंसुद्धा सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

"कधीपासनं घेत होतीस?"

"लग्न झाल्यापासून."

"प्रितेशला ठावं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. निदान त्यांचा मुलगा तरी त्यांच्याकडे राहिला असता. संजनाने त्यांच्या फिक्या ओठांकडे पाहिलं आणि तिच्याच्याने ते झालं नाही.

"हो," ती म्हणाली.

धोंडूबाईंनी ओंजळीतले तांदूळ परत ताटात सोडले. एकही दाणा बाहेर पडू दिला नाही. मग खाली बसल्या, ताटातलं एक पान उचललं, गुडघ्यावर पुसलं आणि त्याच्या शिरा नखाने काढल्या. कोनाड्यातली पाहुण्यांसाठीची डबी घेतली. चुना लावला, सुपारी ठेवली, घडी घातली. दर घडीला संजनाला वाटत होतं, आता थांबतील. त्यांनी विडा तोंडात घातला. दोन वर्षांनी जिभेला चुना लागला होता. तो झोंबला असावा, डोळ्यांत पाणी आलं, पण त्या चावत राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "दोन वर्सं मी बडीशेप चघळली. तुझ्यासमोर बसून."

"हो, आई."

"बघत होतीस."

"बघत होते."

ओरडल्या असत्या तर संजनाला सोसलं असतं. त्यांनी खणाची घडी केली, नारळ देवापाशी ठेवला, फळं टोपलीत टाकली, पातळ बदललं आणि वाडीत निघून गेल्या.

संध्याकाळी प्रितेश जेवायला बसला. आईने भाकरी वाढली, लोणचं वाढलं, आणखी हवी का विचारलं. त्याने मान वर केली, आईचे लाल ओठ पाहिले, आणि त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने संजनाकडे पाहिलं. त्या दिवसापासून सगळ्यांची भाकरी सारखीच आली, कोरडी. विहिरीचं पाणी पुन्हा संजना ओढू लागली. करंडी उचलायला ती वाकली की धोंडूबाई दुसऱ्या ओळीतली पानं बघत असायच्या.

औषध सुरू होतं. रोज सकाळी ती बंधाऱ्यापर्यंत चालून यायची. वजन काट्यावर तिथेच अडलेलं होतं. चैत्र लागला, आणि एका सोमवारी पहाटे तिच्या ओटीपोटात ओळखीची कळ आली. न्हाणीघरात तिने पाहिलं, आणि भिंतीला टेकून ती तशीच उभी राहिली. साडेचार महिन्यांनी. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्या मनापासून आनंदल्या. फार छान झालं, म्हणाल्या, शरीर वाटेवर येतंय. संजना हो हो म्हणत राहिली. एवढी चांगली बातमी होती, आणि तिला रडू येत होतं. ज्या रक्ताची ती फेब्रुवारीपासून वाट बघत होती, त्याचीच बातमी सासूबाईंना द्यायची होती, आणि ती द्यायला या घरात एकच रीत होती.

ती फणसाखाली जाऊन उभी राहिली. चपला पायातच ठेवल्या.

धोंडूबाई आत पानं खुडत होत्या. एक, दोन, तीन वेली पुढे गेल्यावर त्यांनी सहज मागे पाहिलं. संजना कुंपणाबाहेर. त्यांचा हात देठावर थांबला. मागच्या महिन्यांतली एखादी आशा अजून कुठे चिकटून राहिली असेल, संजनाचं सांगणंच चुकीचं असेल, असं काही त्यांच्या मनात होतं की नाही, कोण जाणे. असलं तर ते तेवढ्यात गेलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मग त्यांनी देठ नखाने तोडला, पान करंडीत ठेवलं आणि पाठ फिरवली.

संजना उभीच राहिली. बऱ्याच वेळाने वेलींच्या आडून आवाज आला.

"दुखतंय काय पोटात?"

"थोडं."

"चुलीवर पानी ठेवलंय ऊन. शेक घे, जा."

संजना वळली नाही. तो एक शब्द, पोरी, मागून येईल म्हणून ती थांबली. आत नखाने देठ तुटल्याचे बारीक आवाज येत राहिले, एकामागून एक. मग ती घराकडे निघाली.